आधी एकदा, मग दोनदा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण माझ्या मावसभावावर आहे.

म्हणून ही गोष्ट खरी आहे, एवढंच सांगतो. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दुपार होती, आणि कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये पंचवीस-तीस मुलं शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल देत होती.

मावसभावाला फिका गुलाबी रंग दिसत नाही.

जन्मापासूनच. त्याला तो रंग आणि साधं पाणी सारखंच. घरी हे कुणाला माहीत नव्हतं. कॉलेजात कळलं असतं तर ‘रंग दिसत नाही, मग केमिस्ट्री कशाला घेतलीस?’ म्हणून सगळ्यांनी डोकं खाल्लं असतं. टायट्रेशनमध्ये सगळा खेळ त्या रंगाचाच. वर ब्युरेट, म्हणजे तोटी असलेली लांब काचेची नळी. खाली फ्लास्कमध्ये ॲसिड आणि रंग दाखवणाऱ्या इंडिकेटरचे दोन थेंब. वरून अल्कली थेंब थेंब सोडायची, आणि फ्लास्क जरासा गुलाबी झाला की त्याच क्षणी तोटी बंद. एक थेंब जास्त पडला की उत्तर चुकलं.

याच पायी त्याचं एक वर्ष वाया गेलं होतं. वडिलांनी सरळ सांगितलं होतं, “या वेळी राहिलास तर उद्यापासून काकांच्या गोदामात पोती मोजायला जायचं.”

दुसऱ्या खेपेला त्याला बगळा भेटला.

उंच, काटकुळा, एका पायावर भार टाकून उभा राहणारा. बाकावर दोघं समोरासमोर. बगळ्याने पहिल्याच आठवड्यात याचं गुपित ओळखलं. हसला नाही. फक्त म्हणाला, “अरे येड्या, एवढंच ना? तू तोटी सांभाळ, रंग मी बघतो.”

लॅबमध्ये बोलायची सोय नव्हती. मग त्यांनी खूण ठरवली. फ्लास्कखाली जी पांढरी फरशी ठेवतात, तिच्यावर बगळा समोरून हात लांबवून नख वाजवायचा.

एकदा वाजलं, म्हणजे जवळ आलंय, सावकाश.

दोनदा वाजलं, म्हणजे झालं. थांब.

वर्षभर हे बिनबोभाट चाललं. परीक्षेतही दोघांचे नंबर पाठोपाठ, म्हणजे पुन्हा समोरासमोर. मावसभाऊ निर्धास्त होता.

परीक्षेला थोडे दिवस उरले असताना तापाचं निमित्त झालं आणि बगळा गेला.

परीक्षेच्या दिवशी मावसभाऊ लॅबमध्ये शिरला. समोरच्या जागेवर बगळ्याचा नंबर खडूने लिहिलेला. पुसायचं कुणाला सुचलं नव्हतं. तिथे स्टँड नाही, ब्युरेट नाही, माणूस नाही.

त्याने हात चालवायला सुरुवात केली. ॲसिड मोजून घेतलं, फ्लास्क फरशीवर ठेवला, तोटी उघडली. आता अंदाजपंचे कुठेतरी थांबायचं आणि गोदामाची वाट धरायची, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

थेंब पडत होते.

आणि मग…

टक.

त्याने मान वर केली. समोर कुणी नव्हतं. शेजारची मुलगी आपल्या कामात. लॅब असिस्टंट पार दाराशी.

त्याच्या बोटांनी मात्र सवयीने तोटी आवळली. थेंब सावकाश पडू लागले.

टक टक.

त्याने तोटी बंद केली. आकडा लिहिला. रडू येत होतं, आणि ते भीतीचं की कसलं, हे त्याला आजही सांगता येत नाही.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. तिन्ही आकडे एकसारखे.

मग बाहेरून आलेले परीक्षक त्याच्या बाकापाशी थांबले. प्रत्येकाला वेगळं द्रावण दिलेलं असतं आणि खरं उत्तर त्यांच्याच हातातल्या कागदावर असतं. त्यांनी ताडून पाहिलं.

“अगदी बरोबर आहे,” ते म्हणाले. मग त्यांची नजर फ्लास्कवर गेली. “पण रंग कुठाय?”

“आहे ना सर. गुलाबी.”

“अरे, हे पाणी आहे नुसतं. इंडिकेटर घातलंस का?”

इंडिकेटरची बाटली बाजूलाच होती. बुचावरची चिकटपट्टी जशीच्या तशी. घाईत, भीतीत तो घालायचाच विसरला होता. दुसऱ्या कुणालाही पहिल्याच फ्लास्कला कळलं असतं. याला कसं कळणार?

परीक्षकांनी स्वतः पट्टी सोलली आणि त्या तिसऱ्या फ्लास्कमध्ये दोन थेंब टाकले. मावसभावाला काहीच दिसलं नाही. पण शेजारची मुलगी पुटपुटली, “किती परफेक्ट गुलाबी आलाय.”

परीक्षकांनी फ्लास्क उजेडात धरून पाहिला.

“माझ्यासमोर कर,” ते म्हणाले. “परत.”

त्याने परत केलं. या वेळी इंडिकेटर घालून. एक हात तोटीवर, एक फ्लास्कवर. परीक्षक वाकून बघत होते.

टक.

परीक्षकांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही गुंतलेले.

टक टक.

त्याने तोटी बंद केली. परीक्षक एक पाऊल मागे सरले.

“कोण वाजवतंय?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मावसभावाने समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. परीक्षकांनी समोरचा खडूचा आकडा पाहिला, आपल्या यादीत त्या नंबरापुढचा ‘मयत’ हा शेरा पाहिला. मग घाईघाईने सही केली आणि म्हणाले, “जा तू.”

तो पास झाला.

निकाल लागल्यावर तो बगळ्याच्या घरी गेला. आभार कुणाचे मानायचे, तर निदान त्याच्या आईचे मानावेत, एवढंच मनात होतं. तिने त्याला जवळ बसवून घेतलं.

“शेवटी बोलता येत नव्हतं रे त्याला,” ती म्हणाली. “सकाळी पलंगाच्या दांडीवर नख वाजवलं. एकदाच. आम्हाला वाटलं, पाणी हवंय. चमच्याने पाजलं.”

तिने पदर सावरला.

“संध्याकाळी परत वाजवलं. दोनदा. काय हवं होतं त्याला, कळलंच नाही बघ. तुला काही ठाऊक आहे का?”

“नाही, काकू,” तो म्हणाला.

हे त्याने इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. आता तो नोकरी करतो, त्याला बायको आहे, लहान मुलगी आहे. त्याच्या घरी जेवताना कुणी ताटाच्या कडेवर बोट वाजवलं तर तो हात धरतो. आम्ही त्याची थट्टा करायचो.

गेल्या रविवारी सकाळीच तो माझ्याकडे आला आणि हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, आजच का?

पहाटे मुलगी तापाने फणफणली होती. तो तिच्या उशाशी बसला होता. घरात बाकी सगळे झोपलेले. आणि पलंगाच्या दांडीवर…

“एकदाच वाजलं,” तो म्हणाला. “पण तिच्यासाठी की माझ्यासाठी?”

मुलीचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. ती आता खेळते, शाळेत जाते.

तो मात्र अजून झोपत नाही. कान देऊन बसतो.