शर्यतीच्या मागची बस

डेपोत त्याला सगळे घड्याळ म्हणत. बस हातात घेतल्यापासून तो कधी उशिरा सुटला नव्हता, आणि त्याहून अवघड म्हणजे, कधी लवकरही पोहोचला नव्हता. डेपोच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की दुरुस्तीवाला म्हणे आधी याची नाडी बघायचा आणि मग काटे लावायचा. अशा माणसानं आयुष्यात एकदाच बस उशिरा काढली. तीही एका मुलीपायी.

सकाळची पहिली फेरी होती. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. निघणार तेवढ्यात आरशात एक मुलगी जिवाच्या आकांतानं पळत येताना दिसली. वेणी पाठीवर आपटतेय, चष्म्यावर भुरभुरत्या पावसाचे थेंब, तोंड लालबुंद. घड्याळाला दया आली. त्यानं पाय क्लचवर ठेवला आणि दार उघडलं... फुस्स.

ती दारापाशी आली. आणि तशीच पुढे निघून गेली.

दोन क्षण तो उघड्या दाराकडे बघत राहिला. मग गाडी काढून त्यानं तिला गाठलं आणि खिडकीतून मान बाहेर घातली.

“अहो, मी तुमच्यासाठी थांबलो होतो.”

“कशाला?”

“तुम्ही पळत होता म्हणून.”

“बस हवी असती तर उभी राहिले असते ना. पळाले कशाला असते?”

पुढच्या थांब्यावर तो प्रवासी घेत असताना ती बसला मागे टाकून गेली, आणि जाताना पत्र्यावर दोन थापा मारून गेली. वाटेत उभ्या राहिलेल्या म्हशीला मारतात तशा.

दुसऱ्या दिवशी त्यानं तो आरसा जरा जास्तच पुसला.

मग ते रोजचंच झालं. दोन थांब्यांच्या मधे तो पुढे, थांब्यावर ती पुढे.

“आज कासवानं काही खाल्लेलं दिसत नाही,” तो खिडकीतून म्हणायचा.

“काल तुमच्या बसमागे एक गोगलगाय हॉर्न वाजवत होती,” ती धापा टाकत म्हणायची. “मी तिला म्हटलं, जाऊ दे बाई... म्हातारी गाडी आहे.”

“गाडी म्हातारी आहे. चालवणारा नाही.”

“ते काचेतून नीट कळत नाही.”

“मग चष्मा बदला.”

“चष्म्याच्याच दुकानात आहे मी. भिंगं घासते. माझा नंबर चुकत नाही.”

त्या दिवशी घड्याळानं डेपोत परत आल्यावर तीनदा तोंड धुतलं आणि तीनदा आरशात पाहिलं.

एकदा शेवटच्या थांब्यावर ती बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. टाच सोलली होती. फेरीला अवकाश होता, म्हणून तोही उतरला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

“एवढं कशासाठी चाललंय?” त्यानं विचारलं. “कुणी मागे लागलंय का?”

“आईला रक्ताचा कर्करोग आहे,” ती नाडी ओढत म्हणाली. “सध्या जे औषध तिला लागू पडतंय, ते काही वर्षांपूर्वी नव्हतंच. कुणीतरी संशोधन केलं, कुणीतरी त्यासाठी पैसे गोळा केले, म्हणून ते आलं. आमच्या आधीच्यांनी आमच्यासाठी केलं. आता मी पुढच्यांसाठी मॅरेथॉन पळतेय.”

“पैसे कोण देणार?”

“आमची सगळी गल्ली. जमेल तेवढे. आणि दुकानाचा मालक, अख्ख्या गल्लीचे होतील तेवढे तो एकटा देणार. पण त्याची अट आहे. शर्यतीच्या मागून येणाऱ्या बसच्या आधी मी पोहोचले पाहिजे. बसनं मागे टाकलं, की संपलं.”

घड्याळाचा चेहरा उतरला. मॅरेथॉनच्या मागून एक बस ठरल्या वेगानं येते, दमलेल्यांना गोळा करत, म्हणजे रस्ते वेळेत मोकळे होतात, हे त्याला ठाऊक होतं. कालच साहेबांनी बोलावून सांगितलं होतं की यंदा ती बस तूच न्यायचीस. वेळेचा इतका पक्का दुसरा आहे कोण?

“ती बस... माझ्याकडे आहे,” तो म्हणाला.

तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत घातला आणि त्याच्याकडे पाहिलं.

“मग नीट ऐका. माझ्यासाठी गाडी हळू करायची नाही.”

“थोडीशीसुद्धा...?”

“थोडीशीसुद्धा नाही. आई आजारी पडल्यापासून सगळे मला सूट देतात. मालक चुका पोटात घालतो. मावशी म्हणते, सगळं छान होईल. डॉक्टर हसतात, नर्स हसतात. रिपोर्टचा खरा अर्थ काय ते कुणी धड सांगत नाही. मला एक तरी गोष्ट खरी हवी आहे. पोहोचले तर पोहोचले. नाही तर नाही.”

“आणि मी हळू केली तर?”

“तर उद्यापासून दुसऱ्या रस्त्यानं पळेन.”

आता सांगा, यावर माणूस काय बोलणार? तो “बरं” म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी पाऊस धड पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. घड्याळानं बस रांगेच्या मागे लावली आणि ठरलेल्या क्षणी सोडली. अर्धी शर्यत होईपर्यंत बस निम्मी भरली. एक जाडजूड दंतवैद्य, पायात गोळे आलेल्या दोघी जावा, एक नवरदेव, ज्यानं बायकोला तू पुढे हो, मी आलोच असं सांगितलं होतं, आणि असे बरेच. सगळे ओले, सगळे लंगडे, सगळे एकमेकांना आपल्या गुडघ्याची कहाणी सांगणारे.

ती दिसली तेव्हा शेवटचे काही किलोमीटर उरले होते. काचेवरचा वायपर उजवीकडे गेला की ती दिसायची, डावीकडे आला की पुसट व्हायची. डावा पाय ओढत होती. पण पळत होती.

“अरे, ही एकटीच उरली,” दंतवैद्य पुढे येऊन म्हणाला. “ड्रायव्हर, जरा दमानं घे. तिला जाऊ दे.”

“गाडी ठरल्या वेगानं जाते, साहेब.”

“अरे, कोण बघतंय?”

घड्याळानं वेगाच्या काट्याकडे पाहिलं.

“भाऊ, काय दगड आहात हो तुम्ही,” मोठी जाऊ म्हणाली. “घरी आईबहीण नाही वाटतं.”

“याचा एखादा दात दुखू दे फक्त,” दंतवैद्य म्हणाला. “फुकट काढीन. भूल न देता.”

नवरदेवानं तर मागून त्याची सीट हलवून पाहिली. घड्याळ समोर बघत होता. त्याचा उजवा पाय पेडलवर होता, आणि त्या पायाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची वेगळी अक्कल फुटली होती. थोडासा उचल, पाय म्हणत होता. एवढासा. तिला कळणारसुद्धा नाही. आणि घड्याळ त्याला बजावत होता की तिला कळेल. तिचा नंबर चुकत नाही.

अंतर कमी होत गेलं. तिनं एकदा मागे पाहिलं. मग दात आवळून असा वेग घेतला की बसमधल्या सगळ्यांनी श्वास रोखला. थोडा वेळ ती पुढे सरकलीही. मग पाय पुन्हा ओढायला लागला.

बसचं नाक तिच्या खांद्याशी आलं. मग खिडकी तिच्या शेजारी आली. त्या एका क्षणी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिनं फक्त मान हलवली, जा म्हणून.

तो गेला.

जावांपैकी धाकटीनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथेच विरघळला असता. मागच्या काचेतून दंतवैद्य ओरडला, “अरे, ती थांबलीच नाही. ती फुटपाथवर चढली. पळतेय अजून.”

शर्यत संपत होती त्या मैदानात घड्याळानं बस लावली. ठरल्या क्षणी, एक श्वासही इकडेतिकडे नाही. किल्ली साहेबांच्या हातात दिली आणि गणवेशात, चामड्याच्या कडक बुटांत, तो आल्या रस्त्यानं उलटा पळत सुटला. लोक सांगतात, त्या बुटांच्या आवाजानं दोन चौकांतली वाहतूक आपोआप बाजूला झाली. असेलही.

ती एका दुकानाच्या छपराखालून लंगडत येत होती.

“थांबला नाहीत,” ती म्हणाली.

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

“मनातसुद्धा?”

“मनात...” तो दम खात म्हणाला. “मनात ब्रेक दाबून दाबून मांडीला गोळे आलेत.”

ती हसली. हसता हसता कळवळली, आणि आधाराला तिनं त्याची बाही धरली. नंतर ती सोडायची राहूनच गेली.

मैदानात शेवटच्या रेषेवरची कमान उतरवत होते. मालक छत्रीखाली उभा होता. “हरलीस गं पोरी,” तो म्हणाला. “अट म्हणजे अट.”

“बरोबर आहे. गल्लीचे पैसे तर गेलेच संशोधनाला. तुम्ही पुढच्या वर्षी दुप्पट लावा.”

मालकानं तिच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. “लावले,” तो म्हणाला.

दुपारी ती आईच्या खोलीत गेली. आई उशीला टेकून बसली होती. डोक्यावर केस नव्हते, पण भुवया वर चढवायची सवय तशीच होती.

“काय झालं?”

“हरले. बसनं गाठलं. पुढच्या वर्षी पुन्हा पळणार आहे.”

“पुढच्या वर्षी?” आईनं बोटांवर महिने मोजले. “म्हणजे मला थांबावं लागणार.”

“लागणार.”

“बरं. आणि दारात मास्क लावून कोण उभं आहे ते?”

“तोच बसवाला.”

आईच्या भुवया आणखी वर गेल्या. “काय रे, माझ्या लेकीला मागे टाकून गेलास?”

“हो, आई.”

“हळू करता आली नाही गाडी?”

“आली असती. तिनं नको सांगितलं होतं. आणि...” त्यानं एकदा मुलीकडे पाहिलं. “मला तिच्याशी खोटं वागायचं नाही. कधीच. गाडीतही नाही आणि... गाडीतून उतरल्यावरही नाही.”

मुलगी पायाच्या पट्टीकडे बघत होती, पण तिचे कान लाल झाले होते.

“पुढच्या वर्षी ती बस दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांग,” ती पट्टीकडेच बघत म्हणाली. “तू माझ्या शेजारी पळायचंस.”

तू. घड्याळाचा एक ठोका चुकला.

“मला पळता येत नाही.”

“दिसलं. पाय घासतोस. उद्या सकाळी ये, शिकवते.”

“उद्या पहिली फेरी आहे.”

“मग फेरीच्या आधी ये.”

आईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग उशी नीट केली आणि त्याला म्हणाली, “हात धुतलेस का? मग ये आत. माझा आजचा रिपोर्ट तिथं टेबलावर आहे. या दोघी, ही आणि हिची मावशी, मला गोड करून वाचून दाखवतात. तू वाच. जसा आहे तसा.”

त्यानं कागद उचलला. मुलगी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, मधे जागा न सोडता. आणि तो वाचायला लागला.