पहिला चमचा

यात एक अक्षरही पदरचं नाही. माझे मामा रविकांत यांनी ही हकिकत मला सांगितली. मामा तोलून बोलणारे गृहस्थ होते.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

अकोला. मोर्णा नदीचा काठ. सन त्रेचाळीसचा उन्हाळा.

लढाई चालू होती. जावा बेट जपान्यांनी घेतलं आणि तिथून येणारं हिवतापावरचं कोयनेल बाजारातून नाहीसं झालं. वऱ्हाडातला हिवताप मात्र जागचा हलला नव्हता. खुशालराव नावाच्या एका जमीनदारानं जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये औषधाचा कारखाना काढला होता. मेळघाटातून सातविणीची साल यायची. तिच्यातून कोयनेलच्या तोडीचं औषध काढायचं, असा घाट होता.

मामा अमरावतीचे, वकिलाचे चिरंजीव. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली. नवं औषध सापडतं कसं, आणि सापडलेलं औषध माणसाच्या घशाखाली जाईपर्यंत त्याचं काय काय होतं, हे शिकायला ते तिथे लागले. साल कुटायची. स्पिरिटमध्ये भिजवायची. अर्क आटवायचा. तो आधी पारव्यांना द्यायचा. पारवे तगले, तर माणसांना.

मामांच्या आधी तिथे उद्धवराव नावाचे केमिस्ट होते. त्यांचा एक नेम होता. नवा घाणा तयार झाला की पहिला चमचा ते स्वतः घ्यायचे. दुपारी, सगळे जेवायला गेले की, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून. मग रिकामा चमचा काचेच्या पेल्यात टाकायचे.

टण.

तो आवाज आला की बाहेर कळायचं, घाणा पास.

आदल्या वर्षी एका दुपारी उद्धवराव त्याच खुर्चीत गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

मामांना हे ठाऊक होतं. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

त्यांचा पहिला घाणा झाला, त्या दुपारी ते बाहेरच्या ओसरीवर डबा खात होते. प्रयोगशाळेला कुलूप. किल्ली मामांच्या खिशात.

आतून आवाज आला...

टण.

मामा उष्ट्या हातानं धावले. कुलूप काढलं. आत कुणी नाही. खिडकी बंद. पेल्यात चमचा... ओला.

आणि बाटलीतलं औषध चमचाभर कमी.

दारात पार्बताबाई उभी होती. ती कारखान्यात बाटल्या धुवायची.

"घाबरून काहून राह्यले, साहेब? उद्धवराव हायेत ते. आपला चमचा घेऊन गेले. पास झालं तुमचं औषध."

"पार्बताबाई, तुम्हीच तर नाही ना प्यायलात?"

"मी? ते कडू जहर? मले नवऱ्यानं हातानं पाजलं तरी नाई पिनार."

पुढच्या घाण्याला मामांनी बाटलीच्या बुचावर लाख लावली.

टण...

लाख जशीच्या तशी. औषध चमचाभर कमी.

मग एक घाणा असा झाला की चमचा वाजलाच नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. पारवे खडखडीत होते. मामांनी हसून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात सगळे पारवे उताणे पडले होते.

शोध घेतला. अर्क आटवायच्या पातेल्याची कल्हई गेली होती. सगळा अर्क कळकला होता.

त्या दिवसापासून मामांचा भरवसा पारव्यांवरून उठला. ते बोलून दाखवत नसत. पण दुपार झाली की घास हातात राही आणि कान आत लागत.

माझी तारामामी तेव्हा अमरावतीला, सासूजवळ होती. पहिलटकरीण. चैत्र सरता सरता तिला ताप भरला.

एका सकाळी तिचा भाऊ कमलाकांत अकोल्याला येऊन थडकला. डोळे तारवटलेले.

"भाऊजी, ताप उतरतच नाही. डॉक्टर म्हणतात कोयनेल आणा. नागपूरपर्यंत माणूस धाडला. कुठे चिमूटभर नाही. तुमच्या औषधाचं काय?"

आधीचं सगळं औषध रेल्वेच्या मजुरांना गेलं होतं. त्यांचे ताप उतरले होते. नवा घाणा त्याच सकाळी उतरला होता. पारव्यांना देऊन झालं होतं.

"दुपारी सांगतो," मामा म्हणाले.

"दुपारी काय होणार आहे?"

मामा बाटलीच्या बुचावर लाख लावत राहिले.

आखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. कामकरी आपापल्या गावी गेलेले. पार्बताबाईही नव्हती. शेडमध्ये चिटपाखरू नाही. मामा ओसरीवर बसले. कमलाकांत समोर येरझारा घालत होता.

ऊन चढलं. वारा पडला. पारवे घुमायचे थांबले.

आवाज नाही...

खुशालराव घरचं जेवण उरकून आले. त्यांना सगळं कळलं होतं.

"अहो रविभाऊ, पारवे जित्ते हायेत ना? मंग न्या ना बाटली! घरचं मानूस तापानं फनफनून राह्यलं, अन् तुमी कोनाची वाट पाहून राह्यले?"

मामांनी आत जाऊन पाहिलं. पेला कोरडा. बाटली काठोकाठ.

"मी पितो आत्ता तुमच्यासमोर," कमलाकांत म्हणाला. "मला काही झालं नाही तर नेऊ. मग तर झालं?"

"मागचे पारवेही त्या दिवशी धड होते. दुसऱ्या दिवशी मेले. आज पिऊन आज कळत नाही. आणि ती दोन जिवांची आहे, कमलाकांत."

ऊन कललं. सावल्या लांबल्या.

चमचा वाजला नाही.

मामांनी बाटली कपाटात ठेवली. कुलूप लावलं. रिकाम्या हातानं दोघे गाडीत बसले. बडनेऱ्याला गाडी बदलली, अमरावती आली.

मामी शुद्धीवर होती.

"आणलंत?"

"अजून तयार नाही."

ती हसली. "तुमचं औषध अन् माझं बाळ... बघू, आधी कोण येतं."

तिनं दोन रात्री काढल्या. मग ती गेली. बाळही गेलं.

दिवसकार्य उरकून मामा अकोल्याला परतले. पार्बताबाई दारातच बसली होती. त्या दिवशी तिनं थट्टा केली नाही.

"साहेब, तुमी बाटली काहून नाई नेली?"

"चमचा वाजला नव्हता, पार्बताबाई."

"वाजला ना! आखजीच्या दुसऱ्या दिशी. मी माह्या कानानं आयकला."

मामांनी कपाट उघडलं. लाख शाबूत होती.

बाटली... चमचाभर कमी.

"मग आखजीच्या दिवशी का नाही वाजला?"

पार्बताबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"आखजीले कसा वाजन, साहेब? आखजीले पितरं आपल्या घरी जेवाले जातेत. उद्धवरावांच्या बायकोनं ताट वाढलं असन."



अमरावतीला मामांच्या स्वतःच्या घरी त्या दुपारी पितरांची ताटं वाढली होती. विस्तवावर घास टाकले होते. लहानपणापासून दरवर्षी ते हे पाहत आले होते. ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दुपारी मनात आलं नाही, इतकंच.

मागे पारवे घुमत होते. त्याच घाण्याचा अर्क दिलेले. ते पुढे कितीतरी दिवस जगले.

लढाई संपली, कोयनेल परत आलं, कारखाना बंद पडला. ते औषध बाजारात कधी आलंच नाही. मामीला ते लागू पडलं असतं का, हे आता कोणी सांगू शकत नाही. मामांनी दुसरं लग्न केलं नाही. त्या घाण्याची एक बाटली तेवढी जपून ठेवली.

दर आखजीला ते मामीचं ताट वाढत. पुरणपोळी, चिंचोणी, कुरडई. आणि ताटाच्या उजव्या हाताला त्या अर्काचा एक चमचा. ताट संध्याकाळी उचलत. चमचा मात्र दुसऱ्या दिवशीचं ऊन कलेपर्यंत कुणाला हलवू देत नसत.

"एक दिवस थांबू," म्हणत.

चमचा भरलेलाच राहायचा. दरवर्षी.

मामांना जाऊन आता वर्ष झालं. यंदा दोन ताटं मी वाढली, मामीचं आणि मामांचं. चमचाही ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं...

चमचा रिकामा होता.

ऊन फार होतं. अर्क वाळला असेल, असं मी घरात सांगितलं.

पण सातविणीचा अर्क वाळला की तपकिरी डाग धरतो. घासला तरी लवकर निघत नाही. हे मामांनीच मला दाखवलं होतं.

चमच्यावर डाग नव्हता. जिभेनं पुसून घेतल्यासारखा तो लख्ख होता.

दोघांपैकी कोणी घेतला, मला माहीत नाही. बाटलीत अजून थोडा अर्क शिल्लक आहे. पुढच्या आखजीला तो चमच्यात ओतायला माझा हात धजेल का... तेही माहीत नाही.