तिसरा श्वास

दारावरच्या मीटरच्या पट्टीवर तीनचा आकडा उमटला, तेव्हा घरात माणसं दोनच होती: हेमांगी घैसास आणि तिचे वडील अच्युतराव. छपरावर बारा फूट बर्फ होतं.

स्पिती खोऱ्यातल्या त्या वसाहतीत ऊब टिकावी म्हणून घरं डब्यासारखी बंद असत. हवा यायची ती छपरावरच्या एका नळीतून. नवरात्राच्या दुसऱ्या माळेला डोंगरावरून बर्फ कोसळलं आणि नळी गाडली गेली. आता आत होती तेवढीच हवा. सुटकेचं पथक आठवड्यानं पोचणार, असं बिनतारी यंत्रावर कळलं होतं, आणि हवा दोघांना जेमतेम पाच दिवस पुरणारी होती. अशा वेळेसाठीच प्रत्येक घरात लयक बसवलेला असे.

लयक म्हणजे श्वासाला लय लावणारं यंत्र. अंगाई ऐकताना बाळाचा श्वास संथ होतो हे कुठल्याही आईला ठाऊक असतं; शास्त्रज्ञांनी ते मोजलं, इतकंच. माणूस जे वाचतो, पाहतो, ऐकतो, त्याच्या गतीमागोमाग त्याचा श्वास जातो. लयक पडद्यावरच्या पुस्तकाच्या ओळी हळू सरकवी, चित्रपटातली माणसं हळू चालवी, गाण्यातल्या मात्रा लांबवी, आणि हे सगळं इतक्या बेतानं की पत्ता लागू नये. मिनिटाला सोळा श्वास घेणारा माणूस चार दिवसांत पाचावर येई. हेमांगी स्वतः हे यंत्र बनवणाऱ्या चमूत होती.

"म्हणजे कीर्तनात म्हातारे पेंगतात, तसंच की," अच्युतराव म्हणाले. सांगलीच्या एका वाचनालयात त्यांनी तीस वर्षं ग्रंथपालकी केली होती.

"तसंच. फक्त हे बुवा, कोण पेंगतंय ते बघून कीर्तन लांबवतात."

"आणि मी नाही पेंगलो तर?"

"तर मला जास्त पेंगवेल. ते बेरीज बघतं, नाना. घरातल्या सगळ्यांनी मिळून किती हवा ओढली, एवढंच." तिनं सर्दीनं लाल झालेलं नाक पुसलं. "आणि देवघरातला दिवा आधी विझवा. झोपलेल्या माणसाइतकी हवा खातो तो."

"विझवतो."

त्यांनी तो विझवला नाही.

घटस्थापनेला लावलेला दिवा दसऱ्यापर्यंत अखंड तेवायला हवा, हा घैसासांकडचा नेम. गेल्या वर्षी अच्युतराव पुस्तकात गुंगले, तेल घालायचं राहिलं आणि पाचव्या माळेला दिवा विझला. दिवाळीच्या आत त्यांची बायको शालिनी गेली. दिव्याचा आणि मरणाचा संबंध नसतो, हे जन्मभर विज्ञानाची पुस्तकं वाटलेल्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. पण कळतं ते वळत नाही. आता त्यांना हेमांगी एकटीच उरली होती, आणि तिच्यावर काही बेतू नये म्हणून त्यांनी दिवा उचलून कोठारात पिठाच्या पोत्यामागे ठेवला आणि दार लावून घेतलं. हेमांगीला तेलाचा वास येणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पट्टीवर तो तीनचा आकडा उमटला.

"तिसरं कोण?" हेमांगी चक्रावली.

"तुझी आई आली असेल, माळ बघायला."

ती हसली. "मीटर बिघडलंय. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवरून ते माणसं मोजतं. मी लयकात दोनचा आकडा भरला, पण तो ऐकत नाही. लोक घरातली माणसं लपवतात, म्हणून आम्हीच त्याला मीटरवर विश्वास ठेवायला शिकवलंय."

"त्यानं काही वाईट होतं का गं?" अच्युतरावांनी विचारलं. खरं सांगायची हीच वेळ होती, आणि शब्द अगदी ओठांवर आलेही होते.

"छे. झोप जरा जास्त लागेल. श्वासांची सरासरी चाराच्या खाली तो जाऊ देत नाही."

सरासरी हा शब्द अच्युतरावांना धीराचा वाटला. ते कोठारात तेल घालायला उठले.

मग दोघांचं वाचन, पाहणं, ऐकणं सुरू झालं. हेमांगी कानाला यंत्र लावून पडून राही. तिनं पडद्यावर एक प्रवासवर्णन वाचायला घेतलं, पण ओळी वर सरकायच्या आत तिचे डोळे मिटू लागले. मग नदीतल्या नावाड्याचा चित्रपट लावला. पहिल्या दिवशी नावाडी झपझप वल्हवत होता. चौथ्या दिवशी त्याचं वल्हं पाण्याबाहेर येईपर्यंत अच्युतरावांचं एक पान वाचून होई. शेवटी तिनं आईचा आवाज लावला. शालिनीनं भोंडल्याची गाणी म्हटली होती, ती फोनवर टिपलेली होती. मुळात फेर धरून नाचायची ती गाणी आता अंगाईसारखी झाली होती.

अच्युतरावांनी कानातलं यंत्र पहिल्याच दिवशी काढून ठेवलं. दर चार तासांनी तेल घालायचं, तर जागं राहायला हवं. त्यांनी पेटीतून जुन्या मासिकांचे बांधीव खंड काढले. कागदावरच्या ओळी कोण हळू सरकवणार? खून, दरोडे, चढाओढीचे वाद ते वाचत राहिले आणि वाचनालयात वाचकांना दटावून तयार झालेला त्यांचा श्वास मिनिटाला पंधराच्या खाली आला नाही. लयकानं मुकाट्यानं बेरीज केली. म्हातारा बधत नव्हता, तिसराही बधत नव्हता, आणि सरासरी तर उत्तम होती. काटकसर करायला एकच जण हाताशी होतं.

आठव्या माळेला त्यांनी सकाळी चहा केला. हेमांगी उठली नाही. चेहरा इतका शांत होता की उठवणं त्यांच्या जिवावर आलं. यंत्र काम चोख करतंय, असं म्हणून त्यांनी तिच्या पायांवर गोधडी घातली आणि तिचा चहा झाकून ठेवला. मग कोठारात जाऊन तेल घातलं.

नवमीला दुपारी वरून खोदण्याचे आवाज आले. बिनतारी यंत्रावर सुटकेच्या पथकातल्या मोघेबाई बोलत होत्या, "घैसासकाका, पोचलो बरं का! तुमची पट्टी इथून दिसतेय आम्हाला. आत दोघांचे श्वास अगदी व्यवस्थित चालू आहेत."

"दोघांचे ना?" अच्युतरावांनी हात जोडले. "देवीची कृपा!"

मग त्यांनी पट्टीकडे पाहिलं. काल तिथं तीनचा आकडा होता.

हेमांगीच्या कानातल्या यंत्रातून शालिनीचा एक सूर बारीकसा ऐकू येत होता. त्यापुढचा येईना. त्यांनी मुलीचा हात हातात घेतला, तो थंडगार होता. कितीतरी वेळ ते तो चोळत राहिले, तिला हाका मारत राहिले. मग उठले आणि कोठाराचं दार उघडलं. दिवा छान तेवत होता, वात एकदाही काजळली नव्हती.

त्यांनी फुंकर मारली.

पाचेक मिनिटांनी बिनतारी यंत्र ओरडू लागलं. "काका! आकडा एकवर आलाय! काका, आत काय झालं? अरे, लवकर खोदा, आत्ता एक जण गेला!"