तुळसाची पार

सिहोऱ्याकडच्या त्या गावात नवा तांदूळ घरी आला, की पहिली मूठ शिजवून तलावाच्या पारीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, नेतात. दिवेलागणीला पाण्याकडे तोंड करून हाक द्यायची, "तुळसा, तुझा वाटा घे वं." आणि मागं न बघता परतायचं. पूर्वी पार बांधली की फुटायची, म्हणून तिच्या मातीत तुळसा नावाची एक मजूर बाई जिवंत पुरली, असं जुनी माणसं सांगत. माफी कोणी मागितली नाही. पारीला तिचं नाव तेवढं दिलं, आणि पार टिकली.

सरपंच भैय्याजींना त्या नावाची लाज वाटे. बाहेरचा पाहुणा आला की हमखास विचारायचा, ही तुळसा कोण? शेवटी नातीच्या बारशालाच त्यांनी वाजतगाजत तिच्याच नावाची नवी पाटी लावली : रिता सरोवर. त्यांची बायको गिरजाबाई नको नको म्हणत होती, पण सत्तेपुढं शहाणपण चालत नाही, मग ते घरातलं का असेना.

नवा तांदूळ आला. हाकही आता नव्या नावानंच द्यायची, असं भैय्याजींनी बजावलं. गिरजाबाईनं पळसाच्या पानावरचा भात पाण्याकाठी ठेवला.

"रिता... तुझा वाटा घे वं."

बेडकं एकदम गप्प झाली. वारा नव्हता, तरी ते पान हळूहळू सरकत पाण्यात गेलं. गिरजाबाई मागं न बघता, पण जवळजवळ पळतच घरी आली.

तीन महिन्यांची रिता पाळण्यात टक्क जागी होती. सून मेघा रडकुंडीला आली होती. पोर दूध घेईना, हाकेला बघेना.

"आई, रिता अशी काहून करून राहिली?"

गिरजाबाई पाळण्यावर वाकली. पोरीच्या अंगाला जुन्या चिखलाचा वास येत होता. तिला फार भीती वाटली. तरी तिनं ओठातल्या ओठात विचारलं,

"तुळसा...?"

पोरीनं सावकाश मान वळवली आणि हसली. तिच्या तोंडाच्या बोळक्यात भाताची शितं होती.

मेघाला हे दिसलं नाही. ती दाराकडे वळून कान देत उभी होती.

"आई... पारीकडं कोनाचं लेकरू रडून राहिलं?"

पाळण्यातली पोर गप्पच होती. मेघाचा पदर मात्र दुधानं भिजत चालला होता.