मालकाला कळवणे बंधनकारक

मानवी स्वातंत्र्याच्या इतिहासात निरानगरचा पाटीदर्शन कायदा सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं मंत्रिमहोदय उद्घाटनाला म्हणाले. त्यांच्या गाडीचा क्रमांक मात्र यंत्राला वाचता आला नाही. पाटी हारांखाली झाकली होती.

चौकाचौकातल्या खांबांवरचे पाटीवाचक प्रत्येक वाहनाचा क्रमांक, जागा आणि वेळ टिपत. नोंद आठवड्याने आपोआप पुसली जाई. पण ही यंत्रणा उभारणाऱ्या यामिनी बोकीलला खरा अभिमान होता तो दुसऱ्याच गोष्टीचा.

"चोरून पाहणं अशक्य," नियंत्रण कक्षात ती विधी सल्लागार तांबोळींना सांगत होती. "कुणीही नोंद उघडली, की त्याच क्षणी गाडीच्या मालकाला सूचना जाते. कोणी पाहिलं, गाडी कुठे दिसली, सगळं."

"पोलिसांनी पाहिलं तरी?"

"मी पाहिलं तरी."

"म्हणजे चोरून पाहणारा फक्त देव उरला."

"त्याला अजून पासवर्ड दिलेला नाही."

इतक्यात तिचा फोन वाजला. मावसबहीण चारुशीला. नवऱ्याने तिचा हात मोडला, त्यानंतर ती स्कूटरवरून इथे पळून आली होती. 'सापडलीस तर दुसराही मोडीन,' हा त्याचा शेवटचा निरोप. तिचा पत्ता यामिनीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता.

"ताई, आज स्कूटर बाहेर काढली गं. खांबाने पाहिलं असणार. ह्यांना कळेल?"

"वेडाबाई, त्याला कसं कळेल? थांब, तुझी नोंद कुणी उघडलीय का बघते. तुझ्या फोनवर माझ्या नावाची सूचना येईल, दचकू नकोस."

यामिनीने क्रमांक टाकला. महिला वसतिगृहाचं फाटक, आज सकाळी. याआधी ही नोंद कुणीही उघडलेली नव्हती.

"बघ, कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. आली सूचना?"

"नाही."

"रेंज नसेल."

"अगं, तुझ्याशी बोलतेय की!"

तांबोळी खुर्चीत सरळ झाले. "बाई, गाडी कुणाच्या नावावर आहे?"

यामिनीने तोच प्रश्न फोनवर विचारला.

"बाबांनी लग्नात दिली ना," चारू म्हणाली. "जावयाच्या नावावर घेतली, तिकडे आपला मान राहतो म्हणाले. ह्यांच्याच नावा..."

यामिनी गर्रकन वळली. "तांबोळी, सूचना परत घ्या!"

"नाही घेता येत. मालकापासून माहिती दडवणं गुन्हा आहे. कलम तुम्हीच सुचवलंत."

"चारू, ऐक. पर्स उचल आणि आहेस तशी बाहेर पड. स्कूटरला हात लावू नकोस."

"कुठे जाऊ, ताई?"

प्रत्येक सूचनेखाली नागरिकांच्या सोयीसाठी अभिप्रायाचा एक रकाना असे. समोरच्या पडद्यावर तो आत्ताच भरला गेला होता.

सेवा समाधानकारक. पाच तारे.