शाईपलीकडची पेशी

आपल्याकडे ऑपरेशन झालं की काढलेला तुकडा बरणीत घालून नातेवाइकांच्याच हाती देतात. न्या म्हणतात पालघरच्या लॅबला. राहीबाईनं बोईसरहून ती बरणी आणली, तेव्हा पिशवीत वर मेथीची जुडी होती. तिच्या नवऱ्याच्या, पुंजारामच्या, अंडाच्या वर जांघेत ती गाठ होती. लाजेपायी दोन वर्षं लपवली बिचाऱ्यानं, कारखान्यात हर्निया सांगितला.

लॅबच्या डॉक्टर हेतलनं गाठीला बाहेरून निळी शाई फासली, मग पातळ काप काढून काचांवर घ्यायला दिले. भिंगाखाली काचेवर रोगाच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या, तर रोग अंगात उरला. मधे चांगलं मांस दिसलं, तर माणूस सुटला. अशा जागची कर्करोगाची गाठ तिनं तीस वर्षांत दोनदाच पाहिली होती.

चौथ्या दिवशी सकाळी काचा तयार झाल्या. मधे चांगलं मांस होतं. हेतलला बरं वाटलं. बाहेर बाकावर राहीबाई बसलेली. न राहवून सांगून टाकलं तिला.

"समदं निघालं?"

"सगळं."

राहीबाई पदरात तोंड घालून रडली.

सही करण्याआधी हेतलनं पुन्हा एकदा पाहिलं. पेशी शाईला टेकल्या होत्या.

मान दुखत होती, डोळे चुरचुरत होते. वय झालं बाई आता, असं म्हणत तिनं चष्मा पुसला, चहा घेतला, काचेवरचा नंबर ताडून पाहिला. नंबर बरोबर होता. बाकीच्या काचांवरही पेशी शाईला टेकलेल्याच. बरणीतल्या फॉर्मालिनमध्ये मेलेलं मांस वाढत नसतं, हे का तिला ठाऊक नव्हतं?

पुन्हा भिंगात पाहिलं, तर पेशी शाईच्या पलीकडे दिसल्या. तिथं मांस नव्हतंच. नुसती काच.

तिनं बोईसरला सर्जनला फोन लावला. "पेशंटला सोडू नका. रोग उरलाय."

पलीकडून सर्जनचा आवाज आला.

"मॅडम, पुंजाराम गेला. आत्ताच. टाके कोरडे होते, ताप नव्हता. बसल्या बसल्या मान टाकली. घरच्यांना कळवायचंय, बायको तुमच्याकडेच आहे ना?"

हेतलनं फोन ठेवला. जीव नकोसा झाला तिला.

राहीबाई दारात उभी होती. "बाई, तेवढं कागदावर लिहून द्या की. त्यांना दाखवते."

हेतलला तिच्याकडे बघवेना. तिनं डोळा पुन्हा भिंगाला लावला.

कोऱ्या काचेवर एका पेशीच्या हळूहळू दोन होत होत्या.