झेंडूची ऊब

दिवा राहू द्या, सांगते.

दोन हजार चारच्या सप्टेंबरमधली साधी शनिवार दुपार होती. अबोलीला पेट शॉपमध्ये जायचं होतं आणि कार माझ्याकडे होती. अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही दोघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, दोघीही पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला. मी पुण्याची, ती नागपूरची. घरमालकाला कुत्रा-मांजर चालत नव्हतं. सापाबद्दल लीजमध्ये काहीच लिहिलेलं नव्हतं.

"साप? वेडी आहेस का?" मी विचारलं.

"कॉर्न स्नेक. विषारी नसतो गं. आणि आवाज करत नाही."

दुकानदाराने चार-पाच पिल्लं दाखवली. अबोलीने एकेकाचे डोळे बघितले, तोंडाशी फेस नाही ना ते बघितलं, नीट खातो का विचारलं. शेवटी एक केशरी पिल्लू तिच्या मनगटाला वेढा घालून बसलं, बारीक जीभ सारखी आतबाहेर करत. "माझ्याच रंगाचा आहे," ती हसून म्हणाली. नाव ठेवलं झेंडू.

घरी आल्यावर हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराजवळ तिने काचेची टाकी मांडली. तळाला लाकडाचा भुसा, दोन्ही टोकांना लपायला एकेक खोपटं, पाण्याची वाटी, वर जाळीचं झाकण. एका टोकाखाली हीटिंग पॅड. थर्मामीटर चिकटवताना ती म्हणाली, "त्याला स्वतःची ऊब नसते. आपण द्यायची."

मला त्याची भीती कधीच वाटली नाही. हे लक्षात ठेवा. जे केलं ते भीतीपोटी नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये पीएचडीच्या क्वालिफाइंग परीक्षेचा निकाल लागला. ती पास, मी नापास. अबोलीने मला जवळ घेतलं, चहा करून दिला, आणि मी खोलीत जाऊन पडले. थोड्या वेळाने हॉलमधून तिचं हसणं ऐकू आलं. झेंडूशी बोलत हसत होती. माझ्यावर हसत नव्हती, ते मला तेव्हाही कळत होतं.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती चार दिवस मामाकडे पार्सिपनीला गेली. तिची बस सुटली आणि मी घरी येऊन पॅडची पिन काढली.

दुसऱ्या दिवशी तो गरम बाजूच्या खोपट्यात जाऊन बसला होता, थंड पडलेल्या पॅडवर अंग दाबून. अबोलीचा फोन आला. "कसा आहे गं?"

"मजेत," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशीही त्याने मान उचलली. मग मी टाकी बाल्कनीत नेऊन ठेवली. बाहेर बर्फ भुरभुरत होता. आत खुर्ची घेऊन बसले आणि काचेतून बघत राहिले. तो हळूहळू गोळा झाला, भुसा उकरायला लागला, मग थांबला. मी दुपारभर बघत होते. जेवायलासुद्धा उठले नाही.

रविवारी सकाळी हातात घेतला तर काठीसारखा कडक. वाकवला तसाच वाकलेला राहिला. टाकी आत आणली, त्याला खोपट्यात ठेवलं, पॅड लावलं. आजारी पडून मेला, एवढंच सांगायचं होतं.

अबोली दुपारी आली. बॅग दारातच टाकून तिने झाकण उघडलं, हात आत घातला. मी चेहरा तयार ठेवला होता.

"शिवांगी..."

"काय झालं?"

"अगं, किती गरम झालाय हा!"

तो तिच्या मनगटाला वेढा घालत होता. सावकाश, घट्ट. मी बराच वेळ बघितलं. त्याची जीभ एकदाही बाहेर आली नाही.

त्या आठवड्यापासून अबोलीला थंडी वाजायला लागली. आधी दोन स्वेटर, मग घरात कोट, मग रजई. ओठ निळसर दिसायचे. हेल्थ सेंटरमधल्या नर्सने तिचं टेंपरेचर घेतलं, थर्मामीटर बिघडलाय म्हणून दुसरा आणला, मग तिसरा. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ती दिवसभर झेंडूला गळ्याशी धरून बसायची. घरात तेवढाच एक गरम आहे म्हणायची.

एकदा दुपारी तिने विचारलं, "मी नव्हते तेव्हा काही झालं होतं का गं?"

सांगता आलं असतं. कदाचित तेव्हा उपयोगही झाला असता.

"नाही," मी म्हटलं.

"बरं..." ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली.

जानेवारीच्या अखेरीस तिचा भाऊ निमिष तिला न्यायला आला. व्हीलचेअरवरून नेली. पीएचडी तिथेच संपली. जाताना म्हणाली, "त्याला तू सांभाळ."

मी त्याच दुपारी झेंडूला खोक्यात घालून दुकानात नेलं. रस्ताभर खोक्यात त्याचं सरकणं ऐकू येत होतं. पुठ्ठ्यावर नख ओढावं तसं. दुकानदाराने खोकं उघडलं, आणि सापाऐवजी माझ्याकडे बघायला लागला.

"हा मरून दोन महिने तरी झालेत," तो म्हणाला. "पार वाळलाय. हे काय आणलंत तुम्ही?"

पुढे मी परीक्षा पुन्हा दिली, पास झाले. आयुष्य नीट चाललं होतं. मे महिन्यात नागपूरहून अबोलीच्या आईचा फोन आला.

"शिवांगी, तिकडे काही झालं होतं का बेटा?"

"नाही काकू. का?"

"बाहेर सेहेचाळीस डिग्री आहे आणि ती दोन रजया घेऊन पडलेली असते. अंग बर्फासारखं." काकू एकदम हळू बोलायला लागल्या. "रोज दुपारी पलंगाखाली हात सोडते. तासभर तसाच ठेवते. वर काढला ना, की तेवढा एकच हात गरम असतो."

"पलंगाखाली काय आहे?"

"काही नाही. मी स्वतः झाडून घेतलं, फरशी पुसली. काही नाही गं..." मग म्हणाल्या, "काल मला म्हणाली, आई, तू पण घाल ना हात."

"मग?"

फोनमध्ये खरखर वाढली.

"घातला गं."

आणि मला ऐकू आलं, भर मे महिन्यात, नागपुरात, काकूंचे दात वाजत होते.